अलीमियाँची नऊ शून्यं

विमा कंपन्यांविषयी शिवानी देवस्थळीचं मत ऐकायचं असेल तर आधी खुर्ची ओढून नीट बसावं लागे. दुबईत जुमेरा लेक्स टॉवर्समध्ये चोविसाव्या मजल्यावर तिचं मानसोपचाराचं क्लिनिक होतं. दोन खोल्या, एक सोफा आणि खिडकीतून खाली दिसणारं बांधीव तळं. तिथे बसून ती लोकांची दुःखं न थकता ऐकायची, पण ‘इन्शुरन्स’ हा शब्द निघाला की बाईचा आवाज चढायचा. तिच्या मते ते लोक माणसाच्या मनाला गाडीच्या बंपरसारखं वागवत. पोचा केवढा, दुरुस्त झाला का, खलास, पुढची गाडी आणा.

तरी गेल्या वर्षी ती एका कंपनीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे विम्यावर पेशंट पाठवणाऱ्या यादीत, शिरली होती, आणि तेही मुकाट्याने. तोवर रोख फी देऊ शकणारी माणसं तेवढी तिच्या सोफ्यावर येत होती. बर दुबईतल्या वडिलांच्या फरसाणच्या दुकानात ज्यांनी तिला लहानपणी काउंटरवर बसवून शेव भरवली, ते ड्रायव्हर, फोरमन, स्टोअरकीपर तिच्या दाराशी कधी फिरकत नव्हते. ह्याची तिला मनातून लाज वाटायची. नेटवर्कच्या यादीत नाव लागलं आणि त्यातून पहिल्याच महिन्यात आले अलीमियाँ.

अलीमियाँ मूळचे बाणकोटचे. खोर फक्कानच्या बंदरावर जहाजातून कंटेनर उतरवणारी मोठी क्रेन ते तरुणपणापासून चालवत आले होते. मराठी समजणारा डॉक्टर हवा, म्हणून त्यांच्या बायकोने, सुरैय्याने, यादी चाळून शिवानीला शोधलं होतं. डोंगरातले बोगदे ओलांडून, अख्खा देश आडवा कापून नवराबायको दर आठवड्याला यायची. अलीमियाँ आत जायचे आणि सुरैय्या एक मोठी कापडी पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या खुर्चीत बसायची.

घडलं होतं ते असं. एका दुपारी डोंगराकडून अचानक वाऱ्याचा झोत आला. क्रेनच्या दोरांना लटकलेला कंटेनर झोक्यासारखा हलला आणि खाली धक्क्यावर आदळला. तिथे क्षणभर आधी एक माणूस उभा होता. तो पाणी प्यायला म्हणून बाजूला झाला आणि वाचला. कुणाची चूक नव्हती, कुणाला साधं खरचटलंही नाही. अलीमियाँनी उरलेली पाळी पुरी केली, खाली आले, घरी जाऊन जेवले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचे पाय वर जाईनात.

त्यांच्या कंपनीने त्यांना तात्पुरतं जमिनीवरचं काम दिलं होतं. उन्हाळा संपला की कंपनीचा डॉक्टर तपासणार होता. क्रेनच्या केबिनमध्ये परत बसता आलं तर ठीक, नाहीतर करार संपला आणि सामान बांधून बाणकोट. अलीमियाँना बाणकोटला जायला हरकत नव्हती, पण असं नाही. हरून नाही. एवढं एकच वाक्य त्यांनी पहिल्या भेटीत स्वतःहून उच्चारलं होतं.

त्यानंतर त्यांनी जे काही उच्चारलं त्याचा सारांश एका ओळीत मावतो. झोप कशी आहे? अल्लाचा शुकर, बरी आहे. भीती वाटते? अल्लाचा शुकर. भूक? शुकर. ताठ बसायचे, हनुवटी किंचित वर, नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. शिवानीला वाटायचं, काय रुबाब आहे माणसाचा.

दर भेटीला विमा कंपनीसाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घ्यावी लागे. मन उदास असतं का, झोप लागते का, भीती वाटते का, असले प्रश्न. काहीच त्रास नसेल तर शून्य, रोजचा असेल तर तीन. पहिल्या वेळी सुरैय्या शेजारी बसून बोलली होती, त्यामुळे आकडे भरगच्च आले. पुढे अलीमियाँ स्वतः भरू लागले आणि आकडे उतरू लागले. सहाव्या भेटीला तर नऊच्या नऊ शून्यं. शिवानी हुरळून गेली. आपल्या हाताला गुण आहे असं तिला वाटलं आणि ती शून्यं तिने मोठ्या ऐटीत विमा कंपनीला पाठवून दिली.

कंपनीचं उत्तर लगेच आलं. रुग्ण बरा झालेला दिसतो, अभिनंदन, पुढच्या भेटींची वैद्यकीय गरज उरलेली नाही. आणि त्याच संध्याकाळी सुरैय्याचा फोन आला. हे रात्री खुर्चीत बसून झोपतात, ती सांगत होती, आडवे होतच नाहीत. मग तिने चाचरत विचारलं की इन्शुरन्सशिवाय यायचं तर किती पडेल. शिवानीने सांगितलं, साडेचारशे दिरहम. “म्हणजे दहा हजार रुपयांच्या वर,” सुरैय्या स्वतःशीच बोलली आणि तिने फोन ठेवला.

शिवानी जी भडकली ती विचारू नका. आपणच पाठवलेल्या शून्यांवर कंपनीने विश्वास ठेवला, एवढाच खरं तर कंपनीचा गुन्हा होता. पण रागात एवढं कुणाला सुचतं? नाकारलेल्या केसबद्दल कंपनीच्या डॉक्टरशी थेट बोलायची एक सोय असते. तिच्या ओळखीतले बहुतेक थेरपिस्ट ती वापरतच नसत, कारण त्यासाठी फोनवर तेच ते संगीत ऐकत ताटकळावं लागतं. शिवानीने ते ऐकलं. समोर संशोधनाचे निबंध मांडले, पाण्याचा ग्लास ठेवला आणि लढाईच्या तयारीने बसली.

पलीकडून आवाज आला तो एका बाईचा. डॉक्टर एमान, कंपनीची मानसोपचारतज्ज्ञ. आवाज थकलेला, पण घाई नसलेला. शिवानीने तोफ डागायच्या आधीच तिने विचारलं, हे आकडे कुणी भरले? पेशंटने? कोणत्या भाषेत? आणि कसे आहात असं विचारल्यावर तो काय म्हणतो?

“म्हणतो, अल्लाचा शुकर, बरं आहे,” शिवानी म्हणाली.

एमानने आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. हृदयविकाराचा झटका आलेला, ॲम्ब्युलन्समध्ये आडवे, घामाने निथळत होते. नर्सने विचारलं, कसं वाटतंय बाबा? ते म्हणाले, अल्हम्दुलिल्लाह, म्हणजे तुमचं अल्लाचा शुकर, उत्तम. ईसीजी मात्र भलतंच सांगत होता.

“आमच्याकडे दुखणं मोजून सांगितलं की देणाऱ्याचे उपकार विसरल्यासारखं वाटतं,” एमान म्हणाली. “तुम्ही त्या माणसाकडून नऊ वेळा अल्हम्दुलिल्लाह लिहून घेतलंत आणि मला पाठवलंत. मी काय करणार? माझ्यासाठी शून्य म्हणजे शून्य.”

शिवानी ज्या गावात वाढली, तिथल्या लिफ्टमध्ये, दुकानात, रस्त्यावर हे शब्द तिने जन्मभर ऐकले होते. ती स्वतः फोनवर दहादा इन्शाल्ला म्हणायची. आणि तरी तिला हे दिसलं नव्हतं. जिला ती मन नसलेली कंपनी म्हणत आली, तिच्याच एका बाईने हे फोनवरून, पेशंटला न बघता ओळखलं होतं.

मग एमानने शिवानीच्या रिपोर्टमधलं एक वाक्य वाचून दाखवलं. ‘पेशंटचं स्वतःच्या आतल्या भीतीशी नवं नातं जोडण्याचं काम सुरू आहे.’ सुंदर आहे, एमान म्हणाली, पण ह्यावर मी मंजुरी कशाला देऊ? नात्याला? एमानला आत काय चाललंय ते नको होतं. हा माणूस गेल्या वर्षी काय करत होता आणि आज काय करत नाही, एवढंच हवं होतं. उठणं, बसणं, जेवणं, काम. डोळ्यांनी दिसेल असं. ते बघून या, फाइल मी बंद करत नाही, सोमवारी फोन करा, असं ती म्हणाली.

“आणि त्यांना माझ्याकडून एक सांगा,” फोन ठेवता ठेवता ती म्हणाली. “अल्लाला सगळं माहीत आहे, त्याला सांगायची गरज नाही. मला मात्र काही माहीत नाही. मला सांगावं लागतं.”

शिवानीने निबंध उचलून कपाटात ठेवले. एकही वापरावा लागला नव्हता. तिने सुरैय्याला फोन करून विचारलं, शनिवारी मी तुमच्याकडे आले तर चालेल का? अलीमियाँ आधी बायकोच्या मागून नको नको म्हणाले, मग म्हणाले, जेवायला येणार असतील तर येऊ देत.

खोर फक्कानला ती लहानपणी सहलीला आली होती. समुद्रात डुंबून, क्रेन्सकडे पाठ करून तिने फोटो काढले होते. ह्या वेळी शेवटच्या बोगद्यातून गाडी बाहेर पडली, उतार आला, आणि निळ्या समुद्रासमोर त्या क्रेन्स उभ्या दिसल्या तेव्हा तिने गाडी कडेला घेतली. समुद्रकाठच्या इमारती त्यांच्यापुढे खेळण्यातल्या वाटत होत्या. एक लांबलचक हात पाण्यावर पसरलेला, आणि त्या हाताखाली काडेपेटीएवढी एक काचेची खोली लटकलेली. खाली एवढं मोठं जहाज, गावच्या गाव मावेल असं, आणि ती इवलीशी खोली त्याच्यावरून सरसर पुढेमागे जात होती. त्या पेटीत एक माणूस होता. अलीमियाँ तिथे बसत होते. हे तिला माहीत होतं, पण माहीत असणं आणि बघणं ह्यांत काय अंतर असतं ते तिला त्या रस्त्याच्या कडेला कळलं. तिच्या अंगावर काटा आला.

जेवण झाल्यावर तिघं समुद्रकाठच्या बांधावर जाऊन बसली. शिवानीने क्रेनबद्दल विचारलं, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा अलीमियाँ बोलले. मन भरून बोलले. केबिनची जमीन काचेची असते. माणूस पुढे वाकून बसतो आणि दिवसभर आपल्या दोन पावलांच्या मधून खाली बघतो. तिथून खालचा माणूस तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. दोरांवर लोंबणारा घराएवढा डबा त्या दाण्यांच्या मधल्या जागेत, आवाज न करता ठेवायचा. जोरात ठेवला तर डब्यातल्या काचा फुटतात, आणि नुसता टेकवला तर खालच्या पोरांना कळतसुद्धा नाही की डबा आला. ती पोरं हात वर करतात, तोच सलाम.

शिवानी आ वासून ऐकत होती. तिला आजवर वाटत होतं की हा उंचीला घाबरलेला माणूस आहे. पण ह्या कामात उंचीला काय करायचंय? ह्या माणसाचं सगळं आयुष्य खाली बघण्यात गेलं होतं.

आणि मग तिला एकेक दिसू लागलं. मघाशी जेवताना ताटली त्यांनी हातात उचलून छातीशी धरली होती. पायात चपला होत्या. बंदरावरचे बूट सुरैय्या रोज सकाळी बसून बांधून देते, असं ती सहज बोलून गेली होती. जिना उतरताना एक हात कठड्यावर, नजर छताला. आणि क्लिनिकमधला तो रुबाब, ती वर उचललेली हनुवटी, ते घड्याळ.

“अलीमियाँ,” ती हळूच म्हणाली, “मागच्या वर्षी करत होतात आणि आता करत नाही, असं काय काय आहे?”

“अल्लाचा शुकर, सगळं...”

तिने एमानचा निरोप सांगितला, शब्दाला शब्द. अल्लाला सगळं माहीत आहे. मला सांगावं लागतं. अलीमियाँ ऐकत राहिले. मग त्यांना हसू आलं, खरंखुरं, पोट हलवणारं. “बाई हुशार आहे,” ते म्हणाले. मग हसू ओसरलं आणि ते समुद्राकडे बघत राहिले.

बोलली ती सुरैय्या. तिने पदराशी चाळा करावा तशी ओढणी बोटाला गुंडाळली आणि म्हणाली, “सजदा.”

“सुरैय्या,” अलीमियाँ म्हणाले, पण त्यात रागवणं नव्हतं.

“सांगू द्या मला. हे खुर्चीवर बसून नमाज पढतात, मॅडम. मशिदीत सगळ्यांना सांगितलंय गुडघे दुखतात म्हणून. गुडघ्यांना काय झालंय? डोंगर चढतील हे. सजद्याला कपाळ जमिनीकडे नेलं की ह्यांना खाली धक्क्यावरचा तो माणूस दिसतो.”

अलीमियाँनी मान हलवली. मग ते म्हणाले, “ज्याने त्या पोराला वाचवलं, मला वाचवलं, त्याच्यापुढे डोकं टेकता येत नाही. मग निदान तोंडाने तरी शुकर म्हणतो. तेवढंच राहिलंय माझ्याकडे.”

ह्या शब्दांना शिवानीने सवय समजलं होतं, टाळाटाळ समजलं होतं. कंपनीला पाठवताना तर बरं झाल्याची खूण समजलं होतं. तो माणूस दर आठवड्याला तिच्यासमोर बसून, जे एकच देता येत होतं ते देत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते येऊ दिलं.

सोमवारी तिने एमानला सगळं सांगितलं. बूट, ताटली, जिना, केबिनची काच. नातं वगैरे शब्द तोंडातून येऊ दिले नाहीत. एमान टाइप करत असल्याचा आवाज येत होता. शेवटी शिवानीने सजद्याचं सांगितलं, आणि तो आवाज थांबला.

“ते लिहू नका,” एमान म्हणाली. “ते त्यांचं आणि अल्लाचं आहे. कागदावर बूट लिहा, जिना लिहा, काच लिहा. तेवढ्यावर मला उन्हाळा संपेपर्यंतची मंजुरी देता येते. पण सजदा झाला तर मला फोन करा.”

पुढचे आठवडे काम झालं ते असं की बाहेरच्याला ते काम वाटलंच नसतं. एक मानी माणूस आणि एक थेरपिस्ट सोफ्यावर बसून जमिनीवरच्या गालिच्याकडे बघत. आधी टेबलावरच्या कपाकडे, मग गुडघ्यांकडे, मग बुटांकडे. घाम फुटायचा, श्वास अडकायचा, काय दिसतंय ते अलीमियाँ मोठ्याने सांगायचे आणि शिवानी तिथेच थांबायची, मन शांत होईपर्यंत. एके दिवशी त्यांनी बुटाची नाडी स्वतः बांधली आणि बाहेर जाऊन सुरैय्याला पाऊल पुढे करून दाखवलं. एके दिवशी खिडकीशी उभं राहून चोवीस मजले खालचं तळं पाहिलं. घाम येतच होता, पण नजर हटली नाही. हे बघताना शिवानीला दर वेळी वाटायचं की आपण काहीतरी फार मोठं घडताना जवळून बघतोय आणि आपलं काम फक्त मध्ये न येण्याचं आहे.

अशाच एका दुपारी भेट संपता संपता अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली. अलीमियाँ उठले, तसेच उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, किब्ला कुठल्या बाजूला, म्हणजे मक्का कुठे? शिवानीने बोट दाखवलं. दार उघडं होतं. सुरैय्याने ती मोठी कापडी पिशवी उघडली आणि आतून जानमाज काढला. म्हणजे ती पिशवी एवढे महिने त्यासाठी येत होती. कधीतरी लागेल म्हणून ही बाई दर आठवड्याला ती चटई डोंगरापलीकडून आणत आणि परत नेत होती.

शिवानी बाहेर जाऊ लागली तर अलीमियाँनी हाताने थांबा म्हणून खूण केली. ते उभे राहिले, वाकले. मग गुडघे टेकले आणि क्षणभर थबकले. मग त्यांचं कपाळ खाली गेलं, आणखी खाली, आणि जमिनीला लागलं. ते तिथेच राहिले. कितीतरी वेळ राहिले. सुरैय्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ओढणी तोंडावर दाबून. शिवानी काही देवभोळी नव्हती, पण त्या खोलीत तिचेही हात आपोआप जुळले.

त्या दिवशीची प्रश्नावली अलीमियाँनी भरली तेव्हा झोपेच्या प्रश्नापुढे दोन लिहिले आणि भीतीच्या पुढे एक. “अजून नीट झोप नाही,” ते जरा ऐटीतच म्हणाले. “त्या बाईला खरं सांगायला पाहिजे. अल्लाचा शुकर.” शिवानीने एमानला फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाली, “झालं.” एमान अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “माशाल्ला,” आणि दोघींनी फोन ठेवले.

उन्हाळ्याअखेर कंपनीच्या चाचणीच्या दिवशी शिवानी सकाळच्या सगळ्या भेटी पुढे ढकलून खोर फक्कानला गेली. बंदराच्या आत जायची परवानगी नव्हती, म्हणून ती आणि सुरैय्या कुंपणाच्या अलीकडे, जिथून धक्का दिसतो तिथे उभ्या राहिल्या. सुरैय्याने पिवळीधमक ओढणी घेतली होती. वारा होता. वारा बघून दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

वरची खोली बराच वेळ हलली नाही. सुरैय्याचे ओठ पुटपुटत होते. मग काचेची ती पेटी सरकली, पाण्यावर गेली आणि जहाजावर थांबली. दोर खाली सुटले. एक लाल डबा उचलला गेला, हवेत चढला, आणि अख्ख्या समुद्राच्या पार्श्वभूमीवर तो एवढासा लाल चौकोन जमिनीकडे निघाला. वाऱ्याने तो किंचित हलला. वरचा हात थांबला, त्याने वाट पाहिली, डब्याचं हलणं शांत होऊ दिलं. मग डबा उतरत आला आणि धक्क्यावर टेकला. काहीच आवाज झाला नाही. खाली दाण्याएवढ्या एका माणसाने हात वर केला.

शिवानी रडत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. सुरैय्या मात्र रडली नाही. ती नुसती वर बघत उभी होती, मान दुखेपर्यंत.

दुपारी अलीमियाँ बंदराच्या दरवाज्यातून बाहेर आले. हेल्मेट काखेत, बुटाच्या नाड्या घट्ट बांधलेल्या. चेहरा घामाने थबथबलेला. डॉक्टरने काय सांगितलं, वर कसं वाटलं, शिवानीला शंभर प्रश्न होते, पण ते सरळ बायकोसमोर येऊन उभे राहिले.

“ओढणी नीट घ्यायची होतीस,” ते म्हणाले. “सारखी उडत होती. वरून दिसत होतं मला.”

सुरैय्याने ओढणी डोक्यावर नीट ओढली आणि मग ती रडली.